हळद लागलेली सीडी

आमचे सीडीवाले सर सीडी लिहायला बसले, की घरातल्या माणसांनी चालायचंसुद्धा अलगद. टेबलावरचा पंखा बंद, मिक्सर बंद, रेडिओ बंद. दारावर कुणी थाप मारली तर सर खिडकीतून नुसता हात वर करायचे, तोंडातून शब्द नाही. आत स्वयंपाकघरात चाची, म्हणजे सरांच्या पत्नी, खोबरं आणि लसूण घेऊन खोळंबलेल्या. कंटाळून त्या पाट्या-वरवंट्याकडे वळल्या की सरांचा हात तिकडेही वर. वरवंट्यानं टेबल हादरतं म्हणे! चाची मग ओढणी सावरत बाहेर यायच्या आणि आम्हा विद्यार्थ्यांना ऐकवायच्या, "मशीन हाय का बाळंतीण? सकाळधरनं सालन चुलीवर चढलं न्हाई."

नांदेडच्या जुन्या वस्तीत, गोदावरीकडे उतरणाऱ्या एका बोळात त्यांचं घर होतं. वडिलांचा जिल्दसाजीचा, म्हणजे पुस्तकं बांधायचा धंदा. मुलगा शिकून कॉलेजात भौतिकशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्यांचं खरं नाव कॉलेजच्या दप्तरात होतं, बाकी कुठं नव्हतं. स्टेशनवर ऑटो केला आणि ‘सीडीवाल्या सरांकडं’ म्हटलं, की ऑटोवाला पुढचं काही विचारायचा नाही. ह्या नावानं फसून पुष्कळ जण यायचे. एकदा एक तरणाबांड गडी येऊन म्हणाला, "नवा पिक्चर आला का वो?" सर गंभीरपणे म्हणाले, "आलाय की. लिनक्स. तीन घंट्याचा न्हाई, जिंदगीभरचा हाय. घेऊन जावा." तो बिचारा घेऊन गेला. पुढच्या आठवड्यात पेढ्यांचा पुडा घेऊन हजर! त्याच्या घरचा मेलेला कॉम्प्युटर उठून बसला होता.

लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी एक सिस्टीम, हे आता शाळकरी पोरंही सांगतील. पण त्या काळी आमच्याकडे कॉम्प्युटर म्हणजे चोरून उतरवलेली सिस्टीम आणि तिच्याबरोबर फुकटात आलेले व्हायरस. लिनक्स राजरोस कुणीही कुणालाही द्यावी अशी होती, आणि सरांना त्याचंच भारी अप्रूप. "वाटली तर वाढणारी चीज हाय ही, बेटा," असं म्हणताना त्यांचा चेहरा फुलायचा. इंटरनेट तेव्हा मुंगीच्या पावलानं चालायचं. सगळी सिस्टीम उतरवून घ्यायला दिवसच्या दिवस जायचे. एवढं करून हाती आलेली फाईल सीडीवर लिहायची, तर लोक नेमके तिथं घाई करायचे. सगळ्यात जोराचा वेग लावून फटाफट सीड्या काढायचे. त्यातली एखादी ऐन वेळी अर्ध्यात अडायची. अर्ध्यात अडणं म्हणजे काय, तर कॉम्प्युटरमधलं जुनं पुसलं गेलेलं आणि नवं आलेलं नाही. सर मात्र यंत्रात जेवढा कमी वेग असेल तेवढा लावायचे. "जुन्या मशीनची नजर कमजोर झालेली असती. तिला वाचता आलं पाहिजे असं लिहावं. जल्दी का काम शैतान का."

लोडशेडिंगचं वेळापत्रक त्यांच्या भिंतीवर कॅलेंडरशेजारी टांगलेलं असायचं, आणि त्याच्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. सीडी लिहिता लिहिता वीज गेली की ती सीडी वाया. म्हणून वीज आल्यावर सर आधी अंगणात जायचे आणि समोरच्या पिठाच्या गिरणीकडे कान लावून उभे राहायचे. गिरणीचा आवाज एकसारखा लागला, मध्येच दबला नाही, की आत येऊन खुर्चीवर बसायचे. गिरणीवाल्याला हे ठाऊक होतं. तो ओरडून विचारायचा, "सर, लाईट पास का नापास?"

सीडी लिहून झाली की तपासणी. प्रत्येक फाईलची एक खूण असते, आकडे आणि इंग्रजी अक्षरांची लांबलचक ओळ. सीडीवरून काढलेली ओळ मूळ ओळीशी जुळली पाहिजे. एक अक्षर इकडचं तिकडं झालं तरी आत कुठंतरी खोट आहे असं समजायचं. हे जुळवणं कॉम्प्युटर चुटकीसरशी करतो, पण सरांना ते पटायचं नाही. एकानं कागदावरून मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं पडद्यावर बघायचं. ऐकताना गफलत नको म्हणून त्यांनी अक्षरांना गावं दिली होती. ए अर्धापूरचा, बी बिलोलीचा, सी चाकूरचा, डी देगलूरचा. ई आणि एफला मनासारखं गाव सापडेना, तेव्हा ई ईदचा आणि एफ फजरचा, म्हणजे पहाटेच्या नमाजाचा! "तीन, सात, बिलोलीचा, ईदचा, शून्य..." असं मी वाचायची आणि सर प्रत्येकाला "हौ" म्हणायचे. बाहेरच्याला वाटावं, इथं एसटीचं वेळापत्रक पाठ करून घेतात. सगळी ओळ जुळली की मगच सर सीडीच्या पाठीवर मार्करनं ‘तपासली’ असं लिहायचे. नापास सीड्या चाची दोऱ्यात ओवून अंगणातल्या पेरूला टांगायच्या, म्हणजे पाखरं फळं टोचत नाहीत. त्या झाडाला पेरूंपेक्षा सीड्याच जास्त लागलेल्या असायच्या.

मी मूळची लातूर जिल्ह्यातल्या, भूकंपात पडलेल्या एका गावची. त्या भूकंपात माझी आई गेली आणि धाकटा भाऊ गेला. मी आणि वडील उरलो. गाव नव्या जागी वसलं, रस्ते सरळ झाले, घरांना नंबर मिळाले. दहावीनंतर मावशीनं मला नांदेडला आणलं. तेव्हा आमच्या भागात क्लासचं नुसतं पीक आलं होतं. लातूरला गल्लोगल्ली क्लास, नांदेडला गल्लोगल्ली क्लास. डॉक्टर नाहीतर इंजिनिअर व्हायचं ठरवूनच पोरं जन्माला यायची, पहाटे सायकली हाणत क्लासला पळायची, आणि कॉलेजचे बाक रिकामे. पहिल्याच प्रॅक्टिकलला मी एकटी जाऊन बसले. सर दारातच थबकले.

"बेटा, क्लासला न्हाई गेलीस? तब्येत बरी हाय ना?"

"मला डॉक्टर व्हायचं न्हाई, सर."

"वा! मग आपल्याजवळ टाइमच टाइम हाय," म्हणाले, आणि खरोखरच तिथून पुढं बीएस्सी होईपर्यंत त्यांनी मला आपला टाइम दिला. त्यांच्या घरची ओळ वाचणारी मीच झाले. मला आई नव्हती हे चाचींना कळलं त्या दिवसापासून त्यांनी मला त्या घरातून उपाशी कधी येऊ दिलं नाही.

मी जरा तोंडाळच. एकदा वैतागून म्हटलं, "सर, सीडी तर चांगली दिसतीया. एवढं तपासायचं म्हणजे अतीच हाय." सरांनी हातातला मार्कर खाली ठेवला. मग म्हणाले, "भूकंपानंतर कॉलेजची पोरं घेऊन मी तुमच्याकडं गेलो होतो. ढिगारे उपसायला. भिंती कसल्या जाड, बेटा! बैल टेकला तरी हलणार न्हाई अशा. पडल्यावर बघितलं तर दोन्ही अंगाचे दगड एकमेकाला धरूनच नव्हते. मधी नुस्ती माती. दोन्ही अंगं बांधणारा आडवा दगड कुणी घातलाच न्हवता. दिसायला चांगल्याच होत्या त्या." एवढं बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण हे कुणाला सांगून राहिलो. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि आत वळून चाचींना म्हणाले, "मिक्सर लावा. आज सीडी नक्को." त्या दिवसापासून मी एकाही अक्षरावरून कुरकुर केली नाही.

पुढं मी शिक्षिका झाले, तीही आमच्याच नव्या गावातल्या शाळेत. वडिलांजवळ राहायला मिळालं ह्याचा आनंद होताच, पण मला शाळेत एक कॉम्प्युटरची खोली हवी होती. लातूरच्या एका बँकेनं टाकून दिलेले जुने कॉम्प्युटर हातापाया पडून मिळवले, कोपऱ्यातल्या खोलीत मांडले. महिना जेमतेम गेला आणि व्हायरसनं सगळे आडवे. संस्थेचे अध्यक्ष अण्णा टपलेलेच होते. त्यांना त्याच खोलीत लातूरच्या मास्तरांचा क्लास बसवायचा होता. लहानपणापासूनच पाया पक्का करणारा म्हणे. अण्णांनी हेडसरांना स्पष्ट सांगितलं, "सोमवारी येतो. मशीन चालू दिसली तर ठेवा, न्हाईतर खोली क्लासला." क्लासला जाऊ शकणारी पोरं कुठंही शिकली असती. बाकीच्या पोरांना ती खोली सोडून काही नव्हतं. मी सरांना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं.

सरांनी धीरबीर दिला नाही. "सीडीचं दार उघडतं का मशीनचं? सगळ्यांचं? बघून सांग," एवढंच. सोमवारी सकाळी सर फाट्यावर उतरले. मऊ कपड्यात गुंडाळलेल्या दोन सीड्या छातीशी धरलेल्या. दोन कशाला, विचारलं तर म्हणाले, "रस्ता तुमचा हाय म्हणून."

आणि मग जे झालं ते फक्त आमच्याच गावात होऊ शकतं. सर टेबलाखाली शिरून वायरी तपासत होते. तेवढ्यात अण्णा आले. हेडसर म्हणाले, नव्या कामाला पूजा पाहिजे. हेडसरांच्या मंडळींनी ताट आणलंच होतं. त्यांनी मोठ्या भक्तिभावानं दोन्ही सीड्या कपड्यातून काढल्या, पाटावर मांडल्या, आणि चकचकीत बाजू म्हणजे देवाचं तोंड असं धरून त्या बाजूला ओल्या हळदीची बोटं ओढली, कुंकू लावलं, वर अक्षता टाकून अंगठ्यानं दाबल्या. मी नारळ आणायला बाहेर गेले होते. परत येऊन बघते तर अरे देवा! कॉम्प्युटर जी बाजू वाचतो, नेमकी तीच बाजू नवरीसारखी पिवळी.

सर टेबलाखालून बाहेर आले. बघितलं. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण ते हात जोडून मागं उभे राहिले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "उजळ बाजूला लावली का?"

"हो सर."

"दोन्हीला?"

"दोन्हीला."

"बरं. आरती होऊ दे."

आरती झाली, प्रसाद झाला, सरांनी तो डोळ्याला लावून घेतला. मग अण्णांना म्हणाले, "तुम्ही चहा घ्या अण्णा. पूजा झाल्यावर सीडीला आंघोळ घालावी लागती." अण्णांनी मान डोलावली. त्यांना वाटलं, कॉम्प्युटरवाल्यांची ही पद्धतच असेल! आम्ही हौदावर गेलो. सरांनी अंगाच्या साबणाचा फेस केला, बोटाच्या पेरानं सीडी धुतली, आणि आपल्या मलमलच्या रुमालानं पुसली, मधून बाहेर, मधून बाहेर. "गोल पुसू नक्को, गोल ओरखडा वाईट," हे मलाही बजावून झालं.  

पहिली सीडी घातली. निम्म्यापर्यंत गेली आणि अडली. अक्षतांनी ओरखडे उठले होते. आता त्या मशीनमधलं जुनं पुसलेलं आणि नवं आलेलं नाही. अण्णांनी घड्याळाकडे पाहिलं. हेडसर घाम पुसत होते, त्यांच्या मंडळी कोपऱ्यात रडवेल्या झालेल्या. सरांनी त्यांच्याकडे बघून म्हटलं, "वहिनी, ही रस्त्यातच खराब झाली होती. तुमचा काय दोष न्हाई." सर खोटं बोललेले मी तेवढं एकदाच ऐकलं. मग दुसरी सीडी घातली आणि हात वर केला.  बाहेर गाडी चालू ठेवून बसलेल्या अण्णांच्या ड्रायव्हरला पोरांनी गाडी बंद करायला लावली. पडद्यावरची पट्टी सरकत होती, थांबत होती, पुन्हा सरकत होती. शेवटी मशीन चालू झालं आणि पोरांनी असा गिल्ला केला की बाहेरची कुत्री भुंकायला लागली. अण्णा उठले. "बरं, असू द्या हे. क्लासचं पुढच्या वर्षी बघू."

त्या सीडीच्या कडेला हळद राहिली ती राहिलीच. बाकीची मशीनं तिनंच चालू झाली. मी म्हटलं, सर, दुसरी करून द्या. तर म्हणाले, "हळद लागली हिला. आता ही तुमच्या घरची. नांदवा."

अण्णांचं ‘पुढच्या वर्षी’ दर वर्षी यायचं, आणि दर वर्षी त्याच्या आधी सर यायचे. न बोलावता. मशीन उघडायचे, धूळ झटकायचे, नवी तपासलेली सीडी घालायचे. पोरं फाट्यापर्यंत त्यांची पिशवी घ्यायला पळायची. दुपारी आमच्याकडे भाकरी आणि ठेचा. माझे वडील भूकंपानंतर फारसे कुणाशी बोलत नसत, पण सर आले की दोघं बाहेरच्या सोप्यात टेकून तासन्‌तास बोलायचे. काय बोलायचे ते मी कधी विचारलं नाही. पाणी द्यायला जावं तर भिंतीचा विषय चाललेला असायचा, नाहीतर माझ्या भावाचा. वडिलांच्या तोंडून त्याचं नाव मी सरांमुळे पुन्हा ऐकलं. ह्या एका गोष्टीसाठी मी त्या माणसाची जन्माची ऋणी आहे.

सर निवृत्त झाले. लातूरच्या एका मोठ्या क्लासनं त्यांना बोलावलं, तर म्हणाले, "तिथं माइकवर शिकवतात म्हणे. माझं घरात कुणी ऐकत न्हाई, मी माइक घेऊन काय करू?" सीड्यांचा जमाना सरला, पेन ड्राइव्ह आले. सरांना ते काही रुचले नाहीत. "हिच्या पोटात काय हाय ते दिसतच न्हाई," म्हणायचे. तरी शिकले, आणि त्याच्यावरचीही ओळ वाचून घ्यायचेच; आता मी फोनवरून वाचायची. गुडघे गेले तशा त्यांच्या फेऱ्या थांबल्या.

मग अण्णा वारले. त्यांच्या मुलाला ‘पुढच्या वर्षी’ माहीतच नव्हतं. एका दुपारी मी पेपर तपासून शाळेत परतले तर सगळी मशीनं व्हरांड्यात एकावर एक रचलेली, आणि खोलीत क्लासचे नवे बाक. मी भांडले, हो, चांगली कडाकडा भांडले. हेडसर मान खाली घालून म्हणाले, "बाई, माझ्या हातात काय हाय?" मी शाळेमागं जाऊन सरांना फोन लावला आणि रडायलाच लागले.

"सर, खोली गेली."

 सर म्हणाले, "मशीन कुठायत?"

"व्हरांड्यात."

"पत्रे गळतेत का?"

"गळतेत."

"आभाळ?"

मी वर पाहिलं. निलंग्याच्या बाजूनं काळंभोर चढत होतं. "आलंय, सर."

"मग रडून काय राहिलीस? आधी ताडपत्री टाक. तुझ्या घरचा सोपा मोकळा हाय ना? तिथं मांडू. खोली त्यांची होती, पोरं तर तुझी हायती. सकाळच्या गाडीनं मी येतो."

"सर, तुमचे गुडघे..."

"गुडघे मी तपासून घेतो. तू ताडपत्री टाक."

मी ताडपत्री टाकली. पोरं जमली, शेजारचा टमटमवाला आला, माझे सत्तरीकडे झुकलेले वडील पोटाशी एकेक मशीन धरून घरात आणत होते. शेवटचं मशीन उंबऱ्याच्या आत आलं आणि अवकाळीनं झोडपायला सुरुवात केली. पोरं ओली चिंब, मशीनं कोरडी. सकाळी मी सोपा सारवावा तसा लख्ख पुसून घेतला, सरांसाठी उंच खुर्ची मागून आणली, आणि फाट्यावर जाऊन उभी राहिले. लातूरची गाडी आली. सर उतरले नाहीत. म्हटलं, नांदेडहून निघायला उशीर झाला असेल. दुसरी गाडी आली आणि गेली. मग फोन वाजला. चाचींचा होता.

"बेटा," त्या म्हणाल्या, "तू फाट्यावर थांबू नको."

फजरची नमाज पढून सर पिशवी भरून दाराशी ठेवून बसले होते. जरा टेकतो आणि निघतो, म्हणाले. तेवढंच. त्यांनी मला दिलेला शब्द आयुष्यात एकदाच खाली पडला.

आमच्या सोप्यात आता पोरं संध्याकाळी येतात. लातूरच्या क्लासला गेलेलीही सुट्टीत येऊन बसतात. वडील दारात खुर्ची टाकून बघत असतात. काही अडलं की माझा हात अजूनही फोनकडे जातो, आणि मग मला सर इतके हवेसे होतात की वर्ग सोडून मी परसात जाऊन उभी राहते. त्या दिवशी फोनवर सांगण्यासारखं काही झालंच नव्हतं, पाऊस यायचा होता. रात्री म्हटलं, सकाळी येतीलच, तेव्हा सांगू; सकाळी सांगायला सर राहिले नाहीत. म्हणून इथं सांगते.

सर, एकही मशीन भिजलं नाही.